दुर्गम सिंगापूर

सिंगापूरमध्ये डोंगर आहे. एकच आहे, पण आहे. नाव बुकित तिमाह, उंची १६३.६३ मीटर. दशांश चिन्हापुढचे आकडे मी हौसेनं लिहिलेले नाहीत; इथं सेंटिमीटरसुद्धा हिशेबात धरतात, कारण धरायला दुसरं फारसं काही नाही. आपली कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे दहा बुकित तिमाह एकावर एक रचले, तरी कळसूबाईच्या देवळात पोचायला वर आणखी एक शिडी लावावी लागेल. आणि कळसूबाई राहिली लांब, पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. शनिवार पेठेत तळमजल्याच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेला माणूस हा सिंगापूरच्या सर्वोच्च शिखरापेक्षा तिपटीहून जास्त उंचीवर बसलेला असतो. पुणेकरांच्या एकंदर भूमिकेला यामुळं शास्त्रीय आधार मिळतो, म्हणून ही माहिती मी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना देत नाही.

उंची कमी पडली की पदवी लावून भागवावं लागतं. शहराच्या दक्षिणेला शंभर मीटरच्या आसपासची एक टेकडी आहे. १८४५मध्ये तिला कॅप्टन फेबर नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं नाव देऊन थेट 'माउंट फेबर' करून टाकलं. १९७४पासून तिथं केबल कारही आहे. माउंट सोफिया आणि माउंट एमिली ही तर अशी चढणं आहेत की रिक्षावाल्यानंसुद्धा तिथं यायला नकार दिला नसता, आणि रिक्षावाला नकाराची संधी सहसा सोडत नाही.

शिवाय जे चढउतार होते, तेही सगळे जागेवर राहिलेले नाहीत. आज जिथं बँकांच्या इमारती आहेत त्या रॅफल्स प्लेसला एक टेकडी होती. १८२२मध्ये ती फोडून नदीकाठची दलदल बुजवली. त्याच शतकात माउंट वॉलिच नावाची टेकडी तेलोक आयरच्या खाडीत गेली. १९६६पासून पूर्व किनाऱ्यावर भर घालायची होती, तेव्हा बेडोक-सिगलापकडच्या टेकड्या उतरवल्या. देशाचं क्षेत्रफळ एके काळी ५८१ चौरस किलोमीटर होतं, ते आता ७३०च्या वर गेलं आहे. देश आडवा वाढला तो उभा कमी होऊन.

ही हकिगत मी मामांना सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती ब्रास?"

मामा अकोले तालुक्यातले, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी रतनवाडी, साम्रद, घाटघर अशा गावांत काढली. तिथं वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात ढग सरळ चावडीत येऊन बसतात. गौण खनिज हा मामांचा जिव्हाळ्याचा विषय. कोणी एक ट्रॉली मुरूम उचलला तरी त्यांनी रात्री-अपरात्री जाऊन पंचनामा केलेला आहे. अख्खी टेकडी उचलून समुद्रात टाकली आणि तीसुद्धा सरकारनंच, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रॉयल्टी कुणी कुणाला भरली मग?"

मामा-मामी आमच्याकडं महिनाभर राहायला आले होते. सिंहाच्या तोंडातून पडणारं पाणी, तीन इमारतींच्या डोक्यावर ठेवलेलं जहाज, मुस्तफाच्या दुकानातून घेतलेल्या टॉर्च आणि नेलकटर हे सगळं रीतसर उरकलं. मामा प्रत्येक ठिकाणी "छान आहे" म्हणत. सातबाऱ्यावर 'कब्जेदार' लिहावं त्या सुरात. एका संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून त्यांनी समोरच्या शेकडो खिडक्या निरखल्या आणि विचारलं, "सगळं छान आहे रे. पण यांचं गाव कुठंय?"

"हेच गाव, मामा."

"हे शहर झालं. दिवाळीला माणसं जातात कुठं?"

प्रश्न रास्त होता. मुंबईत चाळीस वर्षं काढलेल्या माणसालाही "गाव कुठलं?" विचारता येतं आणि तो न चुकता सांगतो, भले तिथलं घर पडून त्यात वडाचं झाड आलेलं असो. आमच्या मजल्यावर एक चिनी काका राहतात. त्यांना मी मामांच्या वतीनं विचारलं. काकांनी लांबवर बोट दाखवून एका हमरस्त्याचं वळण दाखवलं. त्यांचं गाव त्या वळणाच्या खाली होतं.

झालं असं की १९६०मध्ये इथं सरकारी गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात बुकित हो स्वी या झोपड्यांच्या वस्तीला आग लागून सुमारे सोळा हजार माणसं उघड्यावर आली आणि बांधकामाला वेग आला. गावं एकामागून एक उठवली आणि माणसं मजल्यांवर नेऊन ठेवली. आज दर दहांतले जवळजवळ आठ जण या सरकारी इमारतींत राहतात. सगळे वर पोचल्यावर लक्षात आलं की शेजारपाजार खालीच राहिला. तेव्हापासून 'काम्पोंगचा जिव्हाळा' जपा, असं सरकार लोकांना सारखं सांगत असतं. काम्पोंग म्हणजे खेडं. वुडलँड्स भागात तर सरकारनं अकरा मजल्यांची एक इमारत बांधून तिचंच नाव 'काम्पुंग ॲडमिरल्टी' ठेवलं. घरं, दवाखाना, खानावळी, गच्चीत मळा, सगळं एकावर एक. तिला २०१८मध्ये जगातल्या उत्कृष्ट इमारतीचा पुरस्कारही मिळाला. मामांना मी कौतुकानं फोटो दाखवला. ते म्हणाले, "गावठाणात अकरा मजले? परवानगी कुणी दिली?"

तेव्हा ठरलं की मामांना डोंगर आणि गाव दोन्ही दाखवायचं. आमच्या मुलीनं लगेच तोडगा काढला. डोंगर काचेच्या आत आहे, एसी आहे, तिथंच जाऊ. हा डोंगर २०१२ साली एका बागेत बांधलेला आहे, ३५ मीटर उंच, वरून धबधबा सोडलेला. लिफ्टनं माथ्यावर जायचं आणि गोल गोल उतरत खाली यायचं. ठरावीक वेळी यंत्रातून धुकं सोडतात आणि माणसं घड्याळ बघत धुक्याची वाट पाहतात. मामींनी स्वेटर घातला. धुकं आलं, सगळ्यांनी "आऽऽ" केलं, धुकं बंद झालं. मामा म्हणाले, "घाटघरला हे फुकट आहे. फक्त बंद करता येत नाही."

म्हणून मग खऱ्या डोंगराकडं.

आमची मुलगी इथल्या शाळेत शिकते. शाळेनं तिला एकदा बुकित तिमाहला नेलेलं असल्यानं मोहिमेची सूत्रं तिनं हाती घेतली. बंद बूट, टोपी, डास पळवणाऱ्या चिकटपट्ट्या, पावसाचा पोंचो, पाण्याची एक बाटली आणि ती संपली तर दुसरी. मामांच्या पायात चप्पल आणि हातात कापडी पिशवी, पिशवीत मामींनी गावाहून आणलेला चिवडा. मुलगी हादरली. "आजोबा, पिशवी दिसली की माकडं येतात. माकडाला खायला दिलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आहे."

मामांनी मनात गुणाकार केला. "तीन लाख? तीन लाखांत आमच्याकडं माकडाला दुकान टाकून देता येईल."

चिवडा माझ्या सॅकच्या तळाशी गेला. नंतर खरोखरच एक माकड आलं, आमच्याकडं अपेक्षेनं बघत रेलिंगवर बसलं, आणि मामा त्याच्याकडं न बघता, मान ताठ ठेवून, अँटी करप्शनच्या सापळ्याजवळून जावं तसे पुढं गेले.

माथ्यापर्यंतची वाट डांबरी आहे. सव्वा किलोमीटरभर. चढ मात्र खरा आहे, ते नाकारून चालणार नाही. आणि इथल्या हवेत चढ नसला तरी घाम येतोच. वाटेत काठ्या टेकत चाललेले आजी-आजोबा, धावत वर जाऊन धावत खाली येणारी मुलं, आणि पाठीवर भल्यामोठ्या सॅक घेतलेले काही गंभीर चेहऱ्याचे तरुण भेटतात. हे हिमालयात जायच्या तयारीतले. सिंगापूरच्या गिर्यारोहकांनी मे १९९८मध्ये एव्हरेस्ट सर केलं. ज्या देशात सगळ्यात उंच जागा १६३ मीटर, तिथली माणसं ८८४८ मीटरवर गेली, ही गोष्ट गंमतीत काढण्यासारखी नाही. अशी माणसं हाच चढ ओझी घेऊन पुन:पुन्हा चढतात, नाहीतर राहत्या इमारतींचे जिने. एका तरुणाची सॅक मामांनी हातानं चाचपली. आत पाण्याच्या बाटल्याच बाटल्या.

"वर पाणी मिळत नाही का?" मामांनी मला विचारायला लावलं.

तो म्हणाला, वजनासाठी घेतल्यात, वर नेणार आणि तशाच खाली आणणार.

मामा पुढं दहा-बारा पावलं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या बारीची पोरं रोज एवढं घेऊन कळसूबाईवर जातात. लिंबूसरबत विकायला. खाली येताना रिकामी येतात."

माथा आला तेव्हा मामांचा श्वाससुद्धा वाढलेला नव्हता. त्यामुळं माथा आला हे त्यांना पटवून द्यावं लागलं. वर एक मोठा दगड आहे, त्याच्यावर उंची लिहिली आहे. बाजूला कुंपणात दूरसंचार मनोरा. दगडाबरोबर फोटो काढायला रांग. पिठलं-भाकरी नाही, ताक नाही, कणीस नाही. आणि देऊळ नाही. डोंगराच्या डोक्यावर देव नाही, ही गोष्ट मामींच्या मनाला काही केल्या पटेना. त्यांनी आपला नंबर येताच पायातल्या चपला काढून त्या दगडालाच हात जोडले. मागं उभ्या असलेल्या दोन परदेशी पर्यटकांनी एकमेकांकडं बघितलं, ही इथली रीत असावी असं समजून त्यांनीही बूट काढले.

माथ्यावरून काय दिसतं, असं विचाराल तर झाडं. दाट, थोरली, सदाहरित झाडं, आणि ती नशिबानं उरली आहेत. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गअभ्यासक १८५४मध्ये याच डोंगराच्या पायथ्याशी एका फ्रेंच मिशनऱ्याकडं राहिला होता. दोन-एक महिन्यांत, मैलभराच्या टापूत, त्यानं भुंगेऱ्यांच्या सातशे जाती गोळा केल्या. तेव्हा या रानात वाघ होते आणि वाघांसाठी खणलेले पंधरा-वीस फूट खोल खड्डेही होते. वॉलेस भुंगेरे शोधताना या खड्ड्यांत पडता पडता काही वेळा थोडक्यात वाचला. मी हे रंगवून सांगत होतो. मामांनी मध्येच विचारलं, "वाघानं जनावर मारलं तर नुकसानभरपाई किती होती?" मला माहीत नव्हतं. "बिबट्या तर आमच्याकडं अजून येतो," मामा म्हणाले, "त्याचं पर्यटन कसं करायचं हे कुणाला सुचलं नाही."

उतरताना मी त्यांना सांगितलं की डक्सटन भागातली पन्नास मजल्यांची एक सरकारी इमारत १५६ मीटर उंच आहे. म्हणजे देशाचं सर्वोच्च शिखर आणि सर्वसामान्यांच्या घरकुल योजनेची गच्ची यांच्यात सात-आठ मीटरांचा फरक. "लिफ्ट आहे का?" मामींनी विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यात सगळं आलं.

आता गाव.

सिंगापूरच्या मुख्य बेटावर उरलेलं शेवटचं गाव म्हणजे काम्पोंग लोरोंग बुआंगकोक. तिथं जायला आधी मेट्रो, मग बस, मग थोडी पायपीट. आपल्या हिशेबी हे दारात झालं. पण इथं स्टेशनपासून दहा मिनिटांहून जास्त चालावं लागलं की ती जागा 'उलु', म्हणजे आडरान ठरते आणि तिथं भाड्यानं घर घेणाऱ्याची मित्रमंडळी कीव करतात. त्या न्यायानं आम्ही दुर्गम भागात निघालो होतो. मामांनी तलाठ्याची जुनी सवय म्हणून खिशाला पेन लावलं.

गावाचा इतिहास मोठा नाही. १९५६मध्ये एका चिनी वैद्यानं ही जमीन विकत घेतली आणि लोकांना घरं करायला भाड्यानं दिली. आता मालकी त्यांच्या मुलीकडं आहे. चिनी आणि मलाय मिळून पंचवीस-एक कुटुंबं. घरभाडं महिना साडेसहा ते तीस डॉलर, असं वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं छापून येतंय. आमच्या फ्लॅटच्या एका महिन्याच्या भाड्यात ते अख्खं गाव भाड्यानं घेऊन वर मोड उरेल. हा हिशेब मी बायकोला सांगितला नाही. तिनं तो आधीच केलेला होता.

"क्षेत्र किती?" मामा.

"सव्वा हेक्टरच्या जरा आत. १.२२."

"एक हेक्टर बावीस आर," मामांनी लगेच दुरुस्त केलं. "म्हणजे तीन एकर. जिरायत का बागायत?"

गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि डांबर संपलं. खरीखुरी माती. आमच्या मुलीनं बूट उचलून तळवा बघितला. पत्र्याची छपरं, लाकडी बैठी घरं, जास्वंदी, केळी, पपई, डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा आणि तारांच्या मागं चहूबाजूंनी आभाळात घुसलेल्या इमारती. मामांनी वेस शोधली, नव्हती. पार शोधला, नव्हता. छोटीशी मशीद दिसली तेव्हा ते जरा सावरले. "देवस्थान आहे म्हणजे गाव खरं," म्हणाले, "इनामाची जमीन असेल ही."

मग त्यांनी पावलांनी गल्ली मोजली. कुंपणं वाकून बघितली. घराघरामधले बांध कुठं आहेत, कुणाचं झाड कुणाच्या हद्दीत वाकलंय, कोणी ओटा पुढं सरकवलाय का, हे सगळं त्यांच्या डोळ्यांनी आपोआप टिपलं. मी त्यांना समजावलं की मामा, सगळी जमीन एकाच मालकिणीची आहे, बाकी सगळे भाडेकरू. ते थांबले.

"म्हणजे वाटणी नाही?"

"नाही."

"बांधावरून भांडण नाही? फेरफार नाही? वारसाची नोंद?"

"एकच झाली, एवढ्या वर्षांत."

"मग तलाठ्यानं इथं करायचं काय?" सिंगापूरबद्दलची खरी नाराजी त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदा त्या क्षणी ऐकू आली.

पूर्वी पाऊस झाला की या गावात पाणी भरायचं. लुंगी वर धरून चालायचं गाव, असंच नाव मलाय लोकांनी त्याला पाडलं होतं. हे ऐकून मामा खूश झाले. सरकारी नकाशात या जागेवर रस्ता, दोन शाळा आणि बाग आखलेली आहे. गाजावाजा झाल्यावर २०१७मध्ये सरकारनं खुलासा केला की हे सगळं व्हायला अजून काही दशकं आहेत. "आरक्षण पडलंय!" मामांनी मांडीवर थाप मारली. "मग चिंता नाही. आरक्षण पडलं की पुढची चाळीस वर्षं जागेला कोण हात लावतंय." या एका बाबतीत सिंगापूर महाराष्ट्राच्या बरोबरीला आलं याचं त्यांना मनापासून बरं वाटलं.

तेवढ्यात एक सहल आली. पुढं छत्री उंच धरलेला वाटाड्या, मागं कॅमेरे. त्यांनी पत्र्याचे फोटो काढले, टपालपेटीचे काढले, मग एक कोंबडी दिसल्यावर सगळे गुडघ्यावर बसले. कोंबडी सराईत होती. तिनं दोन्ही बाजू दिल्या. एका उघड्या खिडकीतून आत एसी आणि भिंतीएवढा टीव्ही दिसला, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईंचा चेहरा पडला. तिकिटाचे पैसे भरून आलेल्या माणसाला लोकांच्या घरात टीव्ही बघावा लागणं हे दु:ख मी समजू शकतो. पाहुण्याला गाव जुनं लागतं आणि संडास नवा लागतो.

मामींचं असलं काही नव्हतं. त्या एका घरापाशी थांबल्या होत्या. तिथल्या चिनी आजी कपडे वाळत घालत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळं बोलणं लांबलं. मामींनी कुंडीतल्या एका लांब पातीकडं बोट दाखवलं, आजींनी पाती चुरगळून मामींच्या नाकाशी धरली. पांदान. इथं भातात, केकात, सगळ्यात घालतात. "अगं बाई, आंबेमोहोर शिजतोय!" मामी म्हणाल्या. मग माझ्या सॅकच्या तळातून चिवडा निघाला. माकडाला दिला असता तर तीन लाख गेले असते. आजींनी तो मूठभर तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि जाताना जुडीभर पांदान मामींच्या पिशवीत कोंबलं. पाठीमागं सहलीतल्या लोकांनी या प्रसंगाचे फोटो काढले. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी मामी आता सिंगापूरच्या शेवटच्या गावातल्या रहिवासी म्हणून लावलेल्या असणार.

परतताना बसमध्ये मामा काजव्यांवर आले. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याकडं पावसाच्या तोंडाशी झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात, आणि ते बघायला आता मुंबई-पुण्याहून माणसं लोटतात. "काजवे बघायला अंधार लागतो," मामा सांगत होते, "ही माणसं गाडीचे दिवे लावून काजवे शोधतात. मग मोबाइलची बॅटरी लावतात. काजवे आपले बाजूला होतात. मग मला विचारतात, काका, यंदा काजवे कमी आहेत का हो?" एकानं त्यांना चुलीवरचं जेवण कुठं मिळेल विचारलं. मामांनी घरी नेलं. घरी गॅस. तो न जेवता गेला. मामींनी वीस वर्षं चुलीपुढं डोळे चोळल्यावर गॅस आला होता, हे त्याला कोण सांगणार. आता शेजारच्यांनी पर्यटकांसाठी अंगणात वेगळी चूल मांडली आहे. घरच्या माणसांचा स्वयंपाक आत शेगडीवर होतो आणि पाहुणा बाहेर धुरात समाधानानं खोकतो.

मुख्य बेटावरचं गाव तीन एकरांत संपलं, म्हणून मामांना उबिनला नेलं. उबिन हे दहा चौरस किलोमीटरचं बेट, चांगीच्या धक्क्यावरून बोटीनं दहा मिनिटं. शहराची वीज तिथं गेलेली नाही. जनित्रं, सौरऊर्जा आणि विहिरींवर चालतं. पूर्वी ग्रॅनाइटच्या खाणी होत्या, १८५१मध्ये बांधलेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाचा दगड इथलाच. खाणी थांबल्यावर माणसं गेली, आता मोजकी म्हातारी मंडळी, रानडुकरं, धनेश आणि भाड्याच्या सायकली उरल्या आहेत. बेटावरचं सर्वोच्च शिखर ७५ मीटरच्या आसपासचं. त्याच बेटावर 'माउंटन बाइक पार्क'ही आहे, यावर मामा काही बोलले नाहीत. माउंटनची त्यांना आता सवय झाली होती. विहीर मात्र त्यांनी वाकून नीट बघितली, खडा टाकून पाण्याचा अंदाज घेतला, आणि नारळपाणीवाल्या म्हाताऱ्याला खुणेनं सांगितलं की गाळ काढायला झालाय. म्हाताऱ्यानं खुणेनं सांगितलं की पोरं शहरात आहेत. यापुढं त्या दोघांना माझ्या दुभाषेपणाची गरज उरली नाही.

या बेटाची बोट वेळापत्रकावर चालत नाही. बारा माणसं झाली की सुटते. माणशी चार डॉलर. शिस्तीच्या या देशात ही एक गोष्ट अशी राहून गेलेली आहे, आणि धक्क्यावर उभं राहून ती लक्षात आली तेव्हा मामांचा चेहरा असा फुलला की सगळ्या महिन्यात तसा फुलला नव्हता. "म्हणजे आमची राजूरची काळी-पिवळी!"

परतीला कामाचा दिवस आणि संध्याकाळ. बोटीत आम्ही पाच, इतर सहा. अकरा. नावाडी काका पाय पसरून निवांत. आभाळ काळं होत आलेलं. एका माणसाचे चार डॉलर आपण भरू, असं मी म्हटलं. मामांनी माझ्याकडं बघितलं. रिकाम्या सीटचं भाडं भरणारा माणूस त्यांच्या बहिणीच्या पोटी कसा निपजला, असा तो प्रश्न होता. तेवढ्यात एक जोडपं आलं. नावाड्यानं एक बोट वर केलं. जोडप्यानं दोन केली. नावाड्यानं पुन्हा एक.

"अहो, जरा सरकून बसा," मामांनी सगळ्यांना मराठीत सांगितलं, "तेरा आरामात बसतील. आमच्याकडं नवाच्या गाडीत अठरा जातात."

सगळे सरकले. नावाडी हलला नाही. जोडपं एकमेकांना सोडून जायला तयार नव्हतं. नुकतंच लग्न झालेलं असावं. ते नारळपाण्याकडं परत गेले. पुन्हा अकरा.

मग मामा उठले. धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखं करून ते बोटीतून धक्क्यावर उतरले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या शांत, धनेशांच्या, रानडुकरांच्या बेटावर राजूरच्या स्टँडवरची आरोळी घुमली. "चांगी चांगी चांगी चांगी! एकच सीट, एकच सीट! चला, लगेच निघाली!" मुलगी माझ्या पाठीमागं लपली. नावाडी काका पाय आखडून सरळ बसले. झाडीतून हेल्मेट घातलेला एक गोरा तरुण सायकलीवरून येत होता. त्याचा बेत अजून एक चक्कर मारायचा होता, असं त्यानं नंतर सांगितलं. मामांनी त्याचं हँडल धरलं, सायकल नावाड्याच्या हाती दिली, त्याला दंडाला धरून मामींच्या शेजारी बसवलं, आणि बोट सुटता सुटता दोन बोटं दाखवून बजावलं की सायकलीचे दोन डॉलर वेगळे पडतील.